चुलीला आवतन

माझं काम पेशींच्या पोटापाण्याचं आहे, असं मी घरी सांगत आले, आणि ते काही खोटं नाही. रक्तात ज्या पांढऱ्या पेशी फिरतात, त्यांतल्या एका जातीला टी पेशी म्हणतात. रोगजंतू ओळखायचा आणि त्याच्यावर तुटून पडायचं, हे त्यांचं काम. पण बहुतेक दिवस शत्रू समोर नसतोच. तेव्हा त्या शांत फिरत असतात, बेताचं खातात, आणि जे खातात ते ऑक्सिजन वापरून सावकाश, पुरतं जाळतात. बाभळीचा ओंडका चुलीत सारून ठेवावा तसं. मग एक दिवस निरोप येतो. शत्रूचा तुकडा समोर धरला जातो, पेशीच्या अंगावरच्या प्रथिनाला तो ओळखू येतो, आणि आत एकाकडून दुसऱ्याकडे बातमी पोचत जाते. थोड्याच वेळात साखर आत घेणारी जास्तीची दारं पेशीच्या भिंतीवर येऊन बसतात, साखर भसाभस आत जाते, आणि पेशी ती अर्धवटच जाळू लागते. हा पऱ्हाट्यांचा जाळ. कापूस वेचून झाला की उपटलेल्या वाळक्या झाडांचा आमच्याकडे असाच जाळ करतात, भडकन पेटणारा. साखर वाया जाते असं वाटतं, पण ताकद लगेच मिळते आणि न जळलेल्या तुकड्यांतून नव्या पेशी बांधायला माल मिळतो. एकीच्या हजारो व्हायच्या असतात, तेव्हा काटकसर करून चालत नाही.

निरोप आणि चूल यांच्यामधली वाट, एवढंच मी बघते. निरोप चुलीपर्यंत कसा पोचतो, आणि उलट चुलीत काहीच नसेल तर निरोप कोण अडवतं. अडवणारं असतं. पेशीत एक प्रथिन पहाऱ्याला बसलेलं असतं. इंधन संपत आलं की ते वाढीची सगळी कामं थांबवतं, मग बाहेरून कितीही हाका येऊ देत. माझ्या आईला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, म्हणजे तू लोकांच्या रक्तातलं स्वयंपाकघर बघत फिरतेस. मी नाही म्हटलं नाही. कॉलेजातल्या काही सहकाऱ्यांपेक्षा तिला जास्त कळलं होतं.

मी शहाद्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. गाव जवळच, म्हसावदच्या रस्त्याला, उसात आणि कापसात बुडालेलं. पुण्यात शिकून, तिथे काही वर्षं काढून मी परत आले तेव्हा पुष्कळांना वाटलं की हिला तिथे कुणी ठेवून घेतलं नाही. मला परत यायचंच होतं. या पेशींवरचं माझ्या वाचनात आलेलं बहुतेक काम शहरातल्या माणसांच्या रक्तावर झालेलं. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईच्या, ऊस तोडून आलेल्या माणसाच्या पेशी निरोप आल्यावर कशा उठतात, हे कुणी विचारलेलं मला दिसलं नाही. मला ते विचारायचं होतं, आणि इथे बसून विचारायचं होतं.

अडचण एकच होती. या पेशी जिवंत आणि ताज्या लागतात. आधी मी नळ्या खोक्यात भरून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला पाठवल्या. पोचेपर्यंत पेशी मलूल. त्यांच्याकडून आलेले आकडे कशाचेच नव्हते, फार तर प्रवासाच्या शिणाचे. तेव्हा पेशी मशीनकडे नेण्याऐवजी मशीन पेशींकडे आणा, असा हट्ट मी धरला. मशीन तसं टेबलावर मावणारं. बारीक वाट्यांच्या तबकडीत पेशी ठेवायच्या. त्या किती ऑक्सिजन वापरतात आणि भोवतीचं द्रव किती आंबट करतात, हे ते मोजत राहतं. साखर अर्धवट जळली की द्रव आंबट होतं. म्हणजे कोणती चूल पेटली आहे ते पडद्यावरच्या रेघांवरून कळतं.

पुण्याचे माझे मार्गदर्शक मनाने वाईट नाहीत, पण नंदुरबार जिल्हा म्हटलं की त्यांचा आवाज जरा हळू होतो, आजाऱ्याच्या खोलीत शिरल्यासारखा. ते म्हणाले, मशीन पाठवतो, पण तिथे लोक येतील का? आणि मग सरळच सांगितलं. एका सकाळी पुरेशी माणसं आली आणि त्याच दिवशी काम नीट झालं, तर तुमच्या कॉलेजात कायमची प्रयोगशाळा व्हावी म्हणून मी माझा शब्द टाकेन. नाही तर मशीन परत येईल, आणि तुला हे काम सुट्टीत पुण्याला येऊन करावं लागेल. माझा राग नाकावर असतो आणि जीभ त्याच्याही पुढे. मी म्हटलं, सर, माझं गाव आहे ते, लोक येतील की नाही हे मला विचारूच नका.

मग मी गावात मारुतीच्या पारावर बैठक घेतली. अहिराणीत सगळं समजावलं. दोन नळ्या रक्त, म्हणजे अर्ध्या कपाहून कमी. वय वीस ते पन्नास. सकाळी उपाशीपोटी, कारण सगळ्यांच्या पेशी एकाच अवस्थेत हव्यात. एकाने पोटभर खाल्लेलं आणि दुसरा उपाशी, असं असेल तर तुलना फसते. यातून तुमचा आजार कळणार नाही, पैसे मिळणार नाहीत, आणि ज्याला नको त्याने मनात किंतु न ठेवता नाही म्हणावं. लोकांनी भरपूर प्रश्न विचारले. अशक्तपणा येईल का, सुई नवी असेल ना, रक्त पुण्याला विकणार तर नाही. एका काकांनी विचारलं की यातून माणूस आळशी आहे की कामाचा ते कळेल का, आणि सगळे त्यांच्या थोरल्या मुलाकडे बघून हसले. माझे वडील, आप्पा, पुढेच बसले होते आणि मी प्रत्येक गोष्ट सांगितली की मान हलवत होते. शेवटी हवी होती त्याहून जास्त माणसं तयार झाली.

मला काळजी होती ती उपाशीपोटाची. आमच्याकडे डोळे उघडले की आधी चहा. तोंड धुण्याआधीही पिणारे आहेत. कितीही बजावलं तरी थंडीच्या दिवसांत, शेकोटीपाशी बसलेला माणूस चहाला नाही म्हणेल, यावर माझा विश्वास नव्हता. हे मी घरी बोलून दाखवलं तर आप्पा म्हणाले, मग चुलीला आवतन देऊ.

हे जरा सांगायला हवं. आमच्याकडे लग्नाकार्याचं आवतन एकाच प्रकारचं नसतं. कुणाला घरातून एक माणूस पुरतो, कुणाला नवराबायको. आणि ज्यांच्याशी सगळ्यात जवळचं, त्यांच्या चुलीलाच आवतन देतात. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटवायची नाही, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळं घर आमच्याकडे. असं आवतन मिळालेल्या घरात त्या सकाळी चहासुद्धा होत नाही. करणं म्हणजे आवतन देणाऱ्याचा अपमान. आप्पांची ही युक्ती ऐकून मी खूश झाले. डोक्यावर पांढरी टोपी घालून ते तयार झालेल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन आवतन देऊन आले, आणि मी मनात म्हटलं, अशी उपाशीपोटाची हमी पुण्याच्या कुठल्या दवाखान्याला मिळणार नाही.

ठरलेल्या दिवशी सकाळी मराठी शाळेच्या व्हरांड्यात आम्ही टेबलं मांडली. रक्त काढायला शहाद्याहून एक अनुभवी गृहस्थ आले होते. मशीनसोबत पुण्याहून आलेली तंत्रज्ञ मुलगीही होती, हुशार, मोजकं बोलणारी, स्वेटरवर स्वेटर घातलेली. मशीन शहाद्याला कॉलेजात गरम होत होतं. दहापर्यंत नळ्या घेऊन निघालो तरच दिवसाभरात पेशी वेगळ्या करून मोजणी होणार होती. मी पहाटे गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवण टाकली होती, सात वाजता शाळेत या. खाली अंगठ्यांची रांग लागली होती. रिकाम्या खुर्च्याही रांगेने लावल्या.

सात वाजले. साडेसात झाले. आठ वाजता शाळेच्या पटांगणात ऊन आलं, आणि खुर्च्यांवर एक कुत्रं येऊन वास घेऊन गेलं. माणूस एक नाही. रक्त काढणारे गृहस्थ हातमोजे घालत होते आणि काढत होते. तंत्रज्ञ मुलगी म्हणाली की मॅडम, थंडी आहे, लोकांना उशीर होत असेल. ती मला सांभाळून घेत होती, आणि मला सांभाळून घेतलेलं मुळीच आवडत नाही. तेवढ्यात मार्गदर्शकांचा संदेश आला. एकच शब्द होता, किती. मी फोन पालथा ठेवला.

साडेआठला मी उठले आणि घराकडे निघाले. इतकी चिडले होते की पायांत चप्पल शाळेतली कुणाची घातली तेही पाहिलं नाही. ज्या गावासाठी मी पुणं सोडलं, ज्या गावाच्या जिवावर मी फोनवर तोरा मिरवला, त्या गावाने समोर मान हलवून पाठ फिरवली होती. प्रयोगशाळा गेली, हे मला दिसत होतं. पण त्याहून झोंबत होतं ते हे, की ती गेली तर पुण्यात कुणालाही आश्चर्य वाटणार नव्हतं.

गल्लीत लोक ओट्यांवर बसले होते. अंघोळी झालेल्या, धुतलेले कपडे, बायकांचे केस विंचरलेले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे न बघता, मान ताठ ठेवून चालत राहिले, आणि कुणीही मला हाक मारली नाही. त्याचाही मला राग आला. त्या वेळी एका घरातूनही धूर निघत नव्हता, हे मला दिसलं आणि तरी त्याचा अर्थ लागला नाही. रागात माणसाचे डोळे उघडे असतात एवढंच.

घरी आई नव्हती. आप्पा अंगणातल्या खाटेवर बसले होते. दाढी केलेली, पांढरा सदरा, टोपी, कुठे जायला निघाल्यासारखे, पण खाट सोडत नव्हते. मी उंबऱ्यापासूनच सुरू झाले. काय काय बोलले ते आता लिहीत नाही. गावाच्या तीन पिढ्या त्यात आल्या. आप्पांनी माझं संपू दिलं. मग शांतपणे म्हणाले, "येवानं कसं? बलावाले कोनी उनं नही."

"ग्रुपवर टाकं ना मी," मी म्हटलं.

"मोबाइलवर कोनी जेवाले उठस का?"

मी खाटेच्या कडेला बसले. आता हे वाचणाऱ्याला सांगते, कारण मलाही तेव्हाच आठवलं. आमच्याकडे आवतन मिळालं म्हणून कुणी जेवायला जात नाही. आवतन आधी येतं. कार्याच्या दिवशी स्वयंपाक झाला की त्या घरचं माणूस पुन्हा घरोघर फिरतं, ओट्यापाशी उभं राहतं आणि म्हणतं, चला. हे दुसरं बोलावणं. ते आल्याशिवाय जो उठेल तो हावरट, आणि जे घर ते करणार नाही ते उर्मट. आप्पांनी आवतन दिलं होतं, तेही चुलीला, त्यामुळे गाव बोलावण्याची वाट बघत बसलं होतं. सगळं गाव अंघोळ करून, चूल न पेटवता, चहाच्या घोटाशिवाय थंडीत ताटकळत होतं, आणि मी त्यांच्यासमोरून मान ताठ करून निघून आले होते.

मी विचारलं, "मंग तुम्ही काबर नही गयात?"

"आवतन मी दिधं. कार्य तुन्हं शे," आप्पा म्हणाले. "बलावाले तूच जावानं."

हे वाक्य साधं नव्हतं. दुसऱ्या बोलावण्याला आमच्याकडे घरचा पुरुष जातो. वडील, नाही तर थोरला भाऊ, कुणीच नसेल तर चुलतभाऊ. बाईने ते केलेलं मी पाहिलं नव्हतं आणि ऐकलंही नव्हतं. आप्पांना मुलगा नाही. कित्येक कार्यांत लोकांनी त्यांना सुचवलेलं मी ऐकलं आहे की पुतण्याला पाठवा. या वेळी त्यांनी पुतण्याला सांगितलं नव्हतं, स्वतःही गेले नव्हते. सकाळपासून खाटेवर बसून ते माझी वाट बघत होते.

आणि तिथे बसल्या बसल्या मला माझ्या पेशी आठवल्या. मघाशी सांगताना मी एक गोष्ट गाळली. टी पेशीला एक निरोप पुरत नाही. शत्रूचा तुकडा ओळखू आला, हा पहिला. पण तो तुकडा जी पेशी समोर धरते, तिनेच आणखी एका हाताने टी पेशीला स्पर्श करून सांगावं लागतं की हो, खरंच, ऊठ. हा दुसरा. दोन्ही मिळाले तरच साखरेची दारं धडाधड उघडतात आणि जाळ टिकून राहतो. पहिला निरोप मिळाला आणि दुसरा आलाच नाही, तर पेशी थोडी चुळबुळते आणि बसून जाते. वाईट म्हणजे ती रुसते. पुढे दोन्ही निरोप नीट आले तरी सहजी उठत नाही. हे मी दर वर्षी वर्गात शिकवत होते, फळ्यावर बाण काढून. गाव रुसायच्या आत मला पोचायला हवं होतं.

मी उठले, पदर खोचला आणि समोर जो पहिला माणूस होता त्याला म्हटलं, "आप्पा, चाला."

आप्पा लगेच उठले. टोपी नीट केली आणि माझ्या मागे चालू लागले, पुढे नाही.

पहिल्या ओट्यावर चुलतकाकू बसली होती, सगळ्या घराला घेऊन. गावात तिच्या जिभेला सगळे वचकून असतात. मी ओट्यापाशी उभी राहिले. माझा आवाज इतका बारीक आला की मलाच लाज वाटली. "काकू, चाला." ती माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या आप्पांकडे. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "आम्ही सकायपाईन बशी ऱ्हायनूत, माय. चहा बी लिधा नही. म्हनत व्हतूत, पोर बलावाले काबर नही येस."

पोर. त्यांना माझीच वाट होती. पुतण्याची नाही, आप्पांचीसुद्धा नाही. ते ऐकून मला जे वाटलं ते मी कुठल्याही पदवीच्या वेळी अनुभवलेलं नाही. पुढच्या ओट्यावर माझा आवाज नेहमीसारखा झाला, त्याच्या पुढच्या ओट्यावर नेहमीपेक्षा मोठा. चाला काका, चाला वहिनी, चाला आबा. माणसं उठत होती, दाराला कडी लावत होती आणि मागे येत होती. गल्ली संपेपर्यंत मागे इतके लोक झाले की मी वळून बघायचं सोडून दिलं.

शाळेच्या फाटकातून आम्ही आत शिरलो तेव्हा ती पुण्याची मुलगी खुर्चीवरून उठून उभी राहिली. खुर्च्या कधीच पुरल्या नसत्या. आवतन चुलीला होतं, त्यामुळे सगळी घरं आली होती. नातवंडं, सुना, काठी टेकत आलेले आजोबा. मग दुसरी पंचाईत. रक्त फक्त वीस ते पन्नास वयाच्या, आधी तयार झालेल्या माणसांचंच घ्यायचं होतं. बाकीच्यांना पुन्हा समजावलं तर ती माणसं गाल फुगवून बसली. एका आजीने विचारलं की आमचं रक्त काय पातळ आहे का. ज्या सुनांनी बैठकीत तोंड उघडलं नव्हतं, त्या आता म्हणत होत्या की आम्ही उपाशी आहोत तर आमचंही घ्या. मी म्हटलं, तुम्हाला आधी सगळं नीट सांगेन, विचार करा, आणि तरीही वाटलं तर तुमच्यासाठी वेगळा दिवस ठेवू. हा शब्द मी कुणालाही न विचारता देऊन टाकला. दहाला पाच मिनिटं कमी असताना शेवटची नळी खोक्यात गेली.

मी बिस्किटं आणि ग्लुकोजची पाकिटं आणली होती. ती कुणी बघितलीही नाहीत, कारण आई आणि दोन मावश्या पहाटेपासून खळ्यात वरण-बट्टीच्या तयारीला लागल्या होत्या. चुलीला आवतन दिलं म्हणजे जेवण आलंच, हेही माझ्या डोक्यात नव्हतं. सगळं गाव खळ्याकडे गेलं आणि आम्ही शहाद्याकडे. आप्पा गाडीत पुढे बसले. बोलावलेल्या पाहुण्याला शेवटपर्यंत पोचवायचं असतं, असं ते म्हणाले; त्यांच्या लेखी नळ्या म्हणजे पाहुणेच होते.

दुपारभर आम्ही पेशी वेगळ्या केल्या, धुतल्या, वाट्यांत ठेवल्या. मशीन सुरू झालं. काही वाट्यांत फक्त पहिला निरोप सोडला, काहींत दोन्ही. सुरुवातीला सगळ्या रेघा खाली, जवळजवळ आडव्या. शांत पेशी. मग निरोप सोडल्यावर आंबटपणाच्या रेघा उचलू लागल्या. फक्त पहिला निरोप मिळालेल्या थोडं चढल्या आणि ढेपाळल्या. दोन्ही मिळालेल्या मात्र चढत गेल्या आणि वरच राहिल्या. आमच्या गल्लीतल्या माणसांच्या पेशी, त्याच दिवशी, त्यांच्या घरापासून अर्ध्या तासावर, अशा उठताना मी बघत होते. हे जगाला माहीत नसलेलं काही नव्हतं. हा नियम पुस्तकात आहे. पण तो इथे, या टेबलावर, प्रवासाने न शिणलेल्या पेशींत इतका स्वच्छ दिसला, म्हणजे यापुढचे आमचे प्रश्नही इथेच विचारता येणार होते. पुण्याची मुलगी कमी बोलणारी, तीही म्हणाली की इतक्या छान रेघा आमच्याकडेही रोज येत नाहीत. माझी छाती फुगली आणि मी ती फुगू दिली.

मार्गदर्शकांना फोन तिनेच लावला. आकडा सांगितला, रेघांचे फोटो पाठवले. मशीन न्यायला गाडी कधी पाठवू, असं त्यांनी विचारलं, तर ती माझ्याकडे बघत म्हणाली की सर, गाडी पाठवू नका, इथल्या बायकांचा वेगळा दिवस ठरायचा आहे. मग त्यांनी मला फोन द्यायला सांगितलं आणि नेहमीच्या, हळू न झालेल्या आवाजात म्हणाले, मशीन राहू दे तिथेच. प्रयोगशाळेचं मी आजच बोलतो.

आप्पा दाराजवळच्या स्टुलावर बसून सगळं बघत होते. मी त्यांना सांगितलं, मशीन राहिलं. त्यांनी मान हलवली, बैठकीत हलवत होते तशीच. मग माझ्या लक्षात आलं की त्यांचं तोंड सुकलेलं आहे. पाहुणे पोचल्याशिवाय घरचं माणूस जेवत नाही, म्हणून ते खळ्यात जेवलेच नव्हते. सकाळपासून पोटात काही नव्हतं. आणि त्यांची तर पासष्टी उलटलेली. त्यांच्या रक्ताचा प्रश्नच नव्हता, हे त्यांनी बैठकीत पुढे बसून ऐकलं होतं. मला एकदम कसंसं झालं आणि नेहमीप्रमाणे ते रागाच्या रूपात बाहेर आलं.

मी विचारलं, "तुमनं रगत लेवानं नव्हतं, हाई माहीत व्हतं ना? मंग सकायपाईन उपाशी काबर बसनात, खाटवर, वाट देखत?"

आप्पा स्टुलावरून उठले. पडद्यावरच्या रेघांकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे.

"बाईमानुसना बलावावर आपला गावमा आजलगुन कोनी उठेल नही," ते म्हणाले. "कोनी तरी पहिलं उठाले पाहिजे व्हतं."